नखावरचा कण

बाबा, तुमचा चष्म्याचा डबा माझ्याकडे आहे. पत्र्याचा, वरचा काळा रंग उडालेला, झाकण लावताना खट्ट वाजणारा. त्यात चष्मा कधी नव्हताच. घोड्याच्या शेपटीचे चार केस, प्रत्येकाचा बारीक फासा करून काडीला बांधलेला, एक काडेपेटी, एक भिंग आणि झाकणाला आतून चिकटवलेला चुंबकाचा तुकडा, एवढी तुमची इस्टेट. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत हा डबा मी चार-पाच वेळा उघडला असेन, तोही कपाट आवरताना. मागच्या महिन्यात मात्र मुद्दाम उघडला आणि म्हणूनच लिहायला बसले. तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. आपण एकाच घरात राहत होतो, त्यामुळे पत्राची वेळ कधी आली नाही, आणि जे बोलायला हवं होतं तेही आपण फारसं बोललो नाही.

सगळं पहिल्यापासून लिहिते, तुम्हाला माहीत नाही म्हणून नव्हे, मला नीट लावून पाहायचं आहे म्हणून. तुम्ही कारखान्याच्या टूल रूममध्ये ग्राइंडरवर होतात. रांझीच्या आपल्या क्वार्टरांमधले निम्मे बाप दिवसभर लोखंडाशी झटून घरी यायचे, आणि लोखंडाला एक खोड असते, ते डोळ्यात जातं. चष्मे मिळायचे, पण घाम आला की काचेवर वाफ धरते म्हणून ते कपाळावर चढायचे. मग कण गेल्यावर दवाखान्यात जायचं तर आधी चष्मा कुठे होता ते सांगा. त्यापेक्षा तुमच्याकडे येणं सोपं. रविवारी सकाळी आपल्या व्हरांड्यातल्या स्टुलावर एक तरी लाल डोळ्याचा माणूस बसलेला असायचा आणि दुसरा सायकल जाळीला टेकवून उभा. "दादा, देखना जरा, कुछ गड़ रहा है।" तुम्ही हातातला चहा संपवूनच उठायचात. घाईने डोळ्याला हात लावणारा माणूस हजाम तरी असतो नाहीतर डॉक्टर, असं तुमचं म्हणणं होतं.

केसाचंही तुमचं शास्त्र होतं. तो पांढरा हवा, म्हणजे डोळ्यात दिसतो. आणि घोड्याचा हवा, घोडीचा नको, कारण घोडीची शेपूट तिच्याच मुताने भिजून केस कच्चा होतो. टांगेवाला तुमच्यावर खूश होता, त्याच्या डोळ्यातलं भुशाचं कुसळ तुम्ही एकदा काढलं होतं, त्यामुळे केसांना तोटा नव्हता. तोटा होता तो उकळायच्या भांड्याचा. "घोड्याचं काही माझ्या गॅसवर चढणार नाही," असं आईने एकदाच सांगितलं आणि तुम्ही पत्रा ठोकून एक वाटी केलीत, ती व्हरांड्यातल्या स्टोव्हवर चढायची. वेल्डिंगवाल्यांना मात्र तुम्ही हात लावायचा नाहीत. त्यांचे डोळे भाजलेले, त्यात काढण्यासारखं काही नसतं. त्यांना तुम्ही कच्च्या बटाट्याच्या चकत्या सांगायचात, आणि आसपास कोणी बाळंतीण असेल तर तिच्याकडून वाटीत चार थेंब दूध मागून आणायला सांगायचात. लोक आणायचे आणि बायका द्यायच्या. यात काही विचित्र आहे हे मला पुढे डोळ्यांच्या दवाखान्यात लागल्यावर समजलं.

बाकी तुमची पद्धत मला आजही पाठ आहे. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. वरच्या पापणीचे केस चिमटीत धरायचे, पापणीवर काडेपेटीची काडी आडवी ठेवायची आणि पापणी उलटी करायची. टॉर्च मी धरायची. टॉर्च धरणाऱ्याने बोलायचं नाही, हा नियम. मग केसाचा फासा डोळ्यावरून एकदाच फिरवायचा, अंगणात झाडू मारावा तसा. मागून एरंडेलाचा एक थेंब. आणि सगळ्यात शेवटी, जे तुम्ही कधी चुकवलं नाही, तो कण अंगठ्याच्या नखावर घेऊन त्या माणसाच्या दुसऱ्या डोळ्यासमोर धरायचा. "हे पाहा. निघाला." जोवर माणूस कण पाहत नाही तोवर त्याचा डोळा बरा होत नाही, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते खरंही होतं. नखाकडे पाहिलं की लोक हसायचे, नाक पुसायचे, सायकल उचलून निघायचे.

याच संदर्भात तुम्ही तुमच्या आजोबांची गोष्ट सांगायचात. त्यांच्या गावाला बाजाराच्या दिवशी एक सुईवाला यायचा. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यांना झाडाखाली बसवायचा, डोळ्यात बाजूने सुई घालायचा आणि पिकलेलं भिंग आतल्या आत खाली ढकलून द्यायचा. लगेच समोर बोटं धरून विचारायचा, किती? म्हातारा म्हणायचा, तीन. सगळा बाजार टाळ्या वाजवायचा. तुमच्या आजोबांनी पण तीन सांगितली. आठ दिवसांनी डोळा पिकला, महिन्याभरात गेला, तोवर सुईवाला चार गावं पुढे. तुम्ही ही गोष्ट दर वेळी एकाच वाक्यावर संपवायचात. "तो पळून जायचा. मी कुठं पळणार? मी तं इथंच राहतो."

एका गोष्टीची मात्र तुम्हाला कल्पना नव्हती. टॉर्च धरणाऱ्याला बोलायची बंदी असली तरी दिसतं सगळं. कधी कधी कण सापडायचाच नाही. तो आधीच पाण्याबरोबर निघून गेलेला असायचा आणि मागे राहिलेला ओरखडा कणासारखा टोचायचा. अशा वेळी तुम्ही "थांब, केस बदलतो" म्हणून डब्याकडे वळायचात. झाकणातल्या चुंबकावर लोखंडाचा कीस नेहमी चिकटलेला असे, त्याला अंगठ्याचं नख लावायचात, रिकामा फासा डोळ्यावरून पुन्हा एकदा फिरवायचात आणि नख पुढे करायचात. निघाला. माणूस खूश. ओरखडा दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप भरून यायचा. मला तेव्हा यात खोटं काही वाटलं नाही. उलट माझ्या बापाचं हे एक गुपित फक्त मला माहीत आहे याचा गर्व वाटायचा.

मग तो रविवार. मी अकरा वर्षांची. समोरच्या क्वार्टरमधले काका तेव्हा तिशीतले, फिटर, घाऱ्या डोळ्यांचे, तुमच्याबरोबर रोज एकाच वेळी सायकल काढणारे. आदल्या दिवशी छिन्नीवर हातोडा मारताना त्यांच्या उजव्या डोळ्यात काहीतरी उडालं होतं. ते स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "भाऊ, टोचून नाही राहिलं. पण काहीतरी गेलं, एवढं खरं." तुम्ही पापणी उलटवता, भिंग लावता, तीनदा पाहता. "कुठं काही नाही बे." काका ऐकत नाहीत. "आहे भाऊ. मला समजते ना. गेलं तेव्हा समजलं मला." तुम्ही मला टॉर्च जवळ आणायला सांगता. मी आणते, आणि मला डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या अगदी कडेला, एक लाल ठिपका दिसतो, डास चावल्याएवढा. तुम्हालाही दिसला असेल असं मी धरून चालते. तुम्ही म्हणता, थांब, केस बदलतो.

त्या दिवशी नखावर जरा मोठाच कण आला. "हे घे. केवढा धोंडा घेऊन फिरून राहिला होता." काकांनी नखाकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे खाली आले. "आता हलकं वाटते, भाऊ," असं ते म्हणाले, एरंडेल घालून घेतलं आणि आईने दिलेले पोहे खाऊन गेले.

पुढच्या वर्ष-दीड वर्षात त्यांचा तो डोळा हळूहळू मंद होत गेला. घारा होता म्हणून लक्षात आलं, नाहीतर आलंही नसतं. डावा डोळा घारा राहिला आणि उजव्याला तांबूस झाक येत गेली. काकू म्हणायच्या नजर लागली, असे डोळे कोणाचे होते क्वार्टरांत. त्या त्यांना ग्वारीघाटला घेऊन गेल्या, नर्मदेच्या पाण्याने डोळा धुतला. पुनर्नव्याचं मूळ मधात उगाळून घातलं. तुम्ही स्वतः गुलाबजलाची बाटली नेऊन दिलीत. मग मोठ्या डॉक्टरांकडे गेले, ऑपरेशनही झालं, पण नजर परत आली नाही, नुसता उजेड-अंधार कळायचा. कारखान्याने त्यांना हलकं काम दिलं. डॉक्टरांनी विचारलंच असणार, डोळ्यात कधी काही गेलं होतं का. आणि काकांनी सांगितलं असणार की गेला होता कण, पण तो काढला, मी स्वतः पाहिला. पेशंटच शपथेवर सांगतो म्हटल्यावर डॉक्टर तरी आणखी काय शोधणार?

हे मला तेव्हा कळलं नाही. नेत्र सहायकाच्या प्रशिक्षणात एक दिवस आमच्या सरांनी फळ्यावर डोळा काढला आणि त्यात खडूने एक ठिपका दिला. हातोडा आणि छिन्नी हे दोन शब्द ऐकले की आधी एक्स-रे, म्हणाले. वेगाने आत गेलेला कण दुखत नाही, बाहेर शोधून सापडत नाही. तो आत बसून गंजतो आणि डोळ्याला गंजाचा रंग येतो. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मी वही मिटली. बसमधून रांझीला येताना मला वाईट वाटत नव्हतं, राग येत होता, आणि राग आलेला बरा वाटत होता.

घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होतात. थंडीचे दिवस होते. आई पोळ्या लाटत होती.

"बाबा, काकांच्या डोळ्यातला कण निघाला नव्हता."

"कोणता कण?"

"तुम्ही चुंबकावरचा दाखवला होता. मी पाहिलं."

तुमचे हात थांबले. तुम्ही म्हणालात, "त्याला बरं वाटलं होतं ना." मग मी वर्गात शिकलेलं सगळं बोलून टाकलं, अर्धं इंग्रजीत, कारण मराठीत ते मला येतच नव्हतं. आणि शेवटी म्हटलं, तुमच्यात आणि त्या सुईवाल्यात फरक काय, तो निदान पळून तरी जायचा. आई लाटणं हातात धरून वळली. "बापाशी बोलून राहिली तू. भान ठेव." तुम्ही तिला हाताने थांबवलंत. "तू असती तं काय सांगितलं असतं त्याला?" मी म्हटलं, खरं. "खरं म्हणजे काय?" म्हटलं, सापडत नाही, दवाखान्यात जा, एवढंच. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा सोलायला लागलात. दाणे सालांच्या ढिगात टाकत होतात आणि सालं पातेल्यात, बराच वेळ. आईने पातेलं तुमच्यापुढून उचललं.

त्यानंतर तुम्ही कोणाच्या डोळ्याला हात लावला नाही. लोक यायचे, तुम्ही म्हणायचात, आता नीट दिसत नाही, दवाखान्यात जा. साठी उलटल्यावरही तुम्ही सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवायचात. मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही हा डबा माझ्या हातात ठेवलात. "घे. तुझ्या कामाचा नाही, पण फेकवत नाही." मग म्हणालात, "तीनदा गेलो मी त्याच्याकडे. सांगायला. तिन्ही वेळा चहा पिऊन आलो." मी यावर काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, बाबा. तुम्ही माझ्याकडून एका वाक्याची वाट पाहत होतात आणि ते माझ्याजवळ होतं, मी दिलं नाही. तुम्ही रिटायर झाल्यावर दोघांनी एकाच गल्लीत समोरासमोर प्लॉट घेतलेत, तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी एखाद्या दिवशी सांगाल. तुमच्या तिरडीला पहिला खांदा काकांनी दिला.

माझी नोकरी आता दोन वर्षांची राहिली. कुंडमच्या बाजूच्या खेड्यांत डोळ्यांच्या शिबिराला जाते तेव्हा तुमची आठवण येते, प्रेमाने असं नाही, कामाच्या ओघात. पहिली काही वर्षं मी लोकांवर चिडायची. डोळ्यात काय टाकलं, असं दरडावून विचारायची आणि सगळे म्हणायचे, कुछ नहीं डाला दीदी. पुढे अक्कल आली. आता मी विचारते, पहले क्या डाला, फिर क्या डाला, म्हणजे टाकलंय हे धरूनच चालायचं. मग मध निघतो, सुरमा निघतो, तुरटीचं पाणी, शेळीचं दूध, पळसाच्या मुळाचा अर्क, रांजणवाडीला लावायला उगाळलेली खजुराची बी. मी न हसता, न रागावता सगळं लिहून घेते. नव्या मुली मला विचारतात की तुम्हाला संताप कसा येत नाही. मी त्यांना सांगते, सगळा एकाच दिवशी वापरून टाकला.

आता मागच्या महिन्याचं. काका ऐंशीचे झालेत. काकू गेल्या, मुलगा बंगळुरात. त्यांना चक्कर यायला लागली, हात बधिर व्हायचा, म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिला. गल्लीत दवाखान्यातली मी एकटी, म्हणून मुलाने मला फोन केला आणि मी त्यांना ऑटोने घेऊन गेले. तिथल्या मशीनवरच्या तरुणाने फॉर्म भरायला घेतला. पेसमेकर? नाही. कुठे सळई, प्लेट? नाही. "अंकल, आंख में कभी लोहे का कण गया था?" काका सरळ बसले. "गया था। निकल गया। इनके बाबूजी ने निकाला था, अपनी आंख से देखा है मैंने।" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कौतुकाने. त्या मुलाने ‘नाही’च्या रकान्यात खूण केली.

ते मशीन म्हणजे एक अजस्र चुंबक असतं, बाबा. आत लोखंड असेल तर ते ओढतं. काकांच्या त्या डोळ्याला अजून उजेड कळतो. दार उघडलं की ते त्या बाजूला मान वळवतात, सकाळी पडदा सरकवला की त्यांना समजतं. कण आत हलला असता तर तेवढंही गेलं असतं. मी काकांना पाणी आणून देते म्हणून उठले आणि त्या मुलाला बाजूला घेतलं. "पहले आंख का एक्स-रे करवाइए। कण निकला नहीं था।"

"आपको कैसे पता?"

"टॉर्च मैंने पकड़ी थी।"

सत्तेचाळीस वर्षांत ही गोष्ट मी घराबाहेर कोणाला सांगितली ती एका अनोळखी पोराला, पाण्याच्या यंत्रासमोर. त्याने खांदे उडवले आणि फॉर्म बदलला. एक्स-रेत कण होता. डोळ्याच्या खोबणीत एक पांढरा ठिपका, आमच्या सरांनी खडूने दिला होता तसाच. एमआरआय रद्द झाला, त्याऐवजी सीटी स्कॅन केला, आणि त्यात घाबरण्यासारखं काही निघालं नाही. वयाचं आहे म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन मी डबा उघडला. चुंबकावर अजून थोडा कीस आहे, गंजून लाल झालेला. नखाला तो आता चिकटत नाही, त्याची पूड होते.

हे कागद डब्यात मावणार नाहीत. चार घड्या घालून डब्याखाली ठेवीन, पुढे कपाट आवरणारी व्यक्ती काय करायचं ते करील. पण एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

एक्स-रेची फिल्म काकांनी माझ्याकडून मागून घेतली. खिडकीकडे धरून डावा डोळा बारीक करून बराच वेळ पाहत होते. मी शेजारी उभी होते. ‘कण निघाला नव्हता’ हे वाक्य माझ्याजवळ तयार होतं, ते मी तुम्हाला स्वयंपाकघरात म्हणून दाखवलं होतं. काका म्हणाले, "हा तं बारीक आहे. तुझ्या बाबानं दाखवला तो याच्याहून मोठा होता."

"हो काका," मी म्हटलं. "तो वेगळा. हा दुसरा असेल."

मला विचारही करावा लागला नाही. त्यांनी फिल्म पाकिटात घातली, आम्ही ऑटोत बसलो. रांझीचा रस्ता लागला. मग काका म्हणाले, "दुसरा केव्हा गेला, समजलंच नाही मला. भाऊ असते तं हाही काढला असता."

मी हो म्हटलं.